छापलेलं पुसता येत नाही

'फॉरेन अफेअर्स' या परराष्ट्र धोरणावरच्या अमेरिकी नियतकालिकाचा १९९३ सालचा उन्हाळी अंक मी पुन्हा पुन्हा उघडते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युअल हंटिंग्टन यांचा संस्कृतींच्या संघर्षावरचा गाजलेला लेख याच अंकात आला. तेव्हा त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. १९९६ मध्ये लेखाचं पुस्तक झालं तेव्हा ते गळलं. पण मला ओढ असते ती त्याच्या पुढच्या पानांची. तिथे दोन लेख एकमेकांना लागून छापले आहेत. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक जॉन मिअरशायमर म्हणतात, युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडू नयेत, कारण रशियाला रोखण्याची दुसरी खात्रीची सोय त्या देशाकडे नाही. स्टीव्हन मिलर म्हणतात, सोडावीत. ती ठेवण्याच्या खटाटोपातच युक्रेन जास्त असुरक्षित होईल. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या हद्दीत उरला होता, मात्र त्याची कळ मॉस्कोच्या हातात होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला सह्या झाल्या. रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याचा शब्द दिला आणि अण्वस्त्रं गेली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे कीव्हच्या दिशेने निघाले. हे सगळं ठाऊक असताना ती पानं वाचताना जीव कासावीस होतो. दोन्ही लेखक अभ्यासू, दोघांचेही युक्तिवाद नेटके, आणि पुढचं दोघांनाही दिसणं शक्य नव्हतं. कोण बरोबर ठरलं हे पाहायला मी तो अंक उघडत नाही. तसा निकाल लागतही नाही. याच मिअरशायमर यांनी २०१४ मध्ये याच नियतकालिकात युक्रेनच्या पेचाचा दोष पाश्चात्त्य देशांच्या पदरात घातला, आणि पुढच्याच अंकात अमेरिकेचे माजी मुत्सद्दी मायकेल मॅकफॉल आणि स्टीफन सेस्टानोविच यांनी त्यांना उत्तर दिलं. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. ही माणसं त्या त्या वेळी नेमकं काय म्हणाली होती, कशाच्या आधारावर म्हणाली होती, ते आजही जसंच्या तसं समोर आहे. भाषण विरून जातं. मुलाखतीतल्या वाक्यावर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो. खंडात बांधलेला लेख तिथेच बसून राहतो.

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची जर्नल्स मी वाचत आले ती मुख्यतः या एका गोष्टीसाठी. ज्या विषयात युद्ध, निर्बंध, तह, निर्वासित यांच्याबद्दल लिहिलं जातं, तिथे लिहिणाऱ्याला आपल्या शब्दांपासून पळून जाता येऊ नये असं मला फार वाटतं.

'फॉरेन अफेअर्स' काटेकोर अर्थाने संशोधनाचं जर्नल नाही. तिथे मंत्री लिहितात, राजदूत लिहितात, लेखाला तळटीपांचा भार नसतो, आणि काय घ्यायचं ते संपादक ठरवतात. 'वर्ल्ड पॉलिटिक्स', 'इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन', 'इंटरनॅशनल सिक्युरिटी' ही वेगळ्या घराण्यातली. तिथे पेपर पाठवला की आधी संपादक तो चाळतात, आणि बरेचसे पेपर या पहिल्या उंबरठ्यावरूनच परत जातात. उरलेले दोघा-तिघा परीक्षकांकडे जातात. लेखक कोण हे परीक्षकाला सांगत नाहीत, परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. म्हणून पेपरमध्ये 'माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे' असं लिहायची सोय नसते. स्वतःचा उल्लेखही परक्यासारखा करावा लागतो. मग काही महिन्यांनी पत्र येतं. सरळ होकार जवळजवळ कधीच नसतो. नकार तरी असतो, नाहीतर 'सुधारून पुन्हा पाठवा'. सुधारून पाठवताना प्रत्येक आक्षेपाला वेगळं उत्तर जोडावं लागतं: हे मान्य केलं, हे या कारणासाठी मान्य केलं नाही, हा पुरावा नव्याने घातला. ही उत्तरं कधीकधी पेपरइतकीच लांब होतात आणि ती कुठेच छापली जात नाहीत. सगळं सुरळीत झालं तरी पहिल्या मसुद्यापासून छपाईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात.

परीक्षकाला या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत, नावही मिळत नाही. पेपरच्या पहिल्या पानाच्या तळाशी आभाराची बारीक अक्षरातली टीप असते. कुणी मसुदा वाचला, कुठल्या परिसंवादात चर्चा झाली, कुणी आकडेवारी गोळा करायला हात लावला, आणि शेवटी 'निनावी परीक्षक'. या टिपा मी पेपरच्या आधी वाचते. एवढ्या माणसांनी एक युक्तिवाद उलटासुलटा करून पाहिला आहे हे त्या चार ओळींतून कळतं.

या पद्धतीत दोषही आहेत आणि ते छोटे नाहीत. निनावी परीक्षक निष्ठुर होऊ शकतो. प्रस्थापित मताविरुद्ध गेलेल्या पेपरला तो नकळत जास्त पुरावे मागतो. छोट्या वर्तुळात लिहिण्याच्या ढंगावरून आणि संदर्भांवरून लेखक ओळखूही येतो. शिवाय दोन-तीन जणांना एकाच वेळी पटवायचं म्हटल्यावर लेखक हात आखडता घेतो, आणि धाडसी मुद्दा घासूनपुसून बोथट होतो. तरीही मला ही पद्धत हवी आहे. 'अमुक देश चढाईखोर आहे', 'तमुक निर्बंधांनी राजवट कोसळेल' ही वाक्यं टीव्हीवर अर्ध्या मिनिटात बोलून होतात. 'तुम्हाला हे कशावरून कळलं?' असं कुणीतरी थंडपणे विचारण्याची जागा कुठेतरी असायलाच हवी.

शब्द लेखकाच्या हातातून सुटले की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण या क्षेत्रात एकाच अक्षराच्या नावाने ओळखलं जातं. जुलै १९४७ मध्ये 'फॉरेन अफेअर्स'ने सोव्हिएत वर्तनाच्या मुळांविषयी एक लेख छापला. लेखकाच्या जागी फक्त 'एक्स' होतं. लिहिणारे होते जॉर्ज केनन, अमेरिकी परराष्ट्र खात्यातले मुत्सद्दी, तेव्हा त्या खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचे प्रमुख. आदल्या वर्षी फेब्रुवारीत मॉस्कोहून त्यांनी पाठवलेली लांबलचक तार वॉशिंग्टनमध्ये हातोहात फिरली होती. सरकारी पदावर असल्यामुळे लेखाला नाव देता येत नव्हतं. पण 'न्यूयॉर्क टाइम्स'चे आर्थर क्रॉक यांनी थोड्याच दिवसांत लेखक ओळखला, आणि निनावी लेखाला सरकारी धोरणाचं वजन आलं. सोव्हिएत विस्ताराला धीराने, दीर्घकाळ आणि सावधपणे बांध घालत राहावं, हा त्या लेखाचा गाभा होता. स्तंभलेखक वॉल्टर लिपमन यांनी लेखमाला लिहून त्यावर कडाडून टीका केली: हे धोरण अमेरिकेला जगाच्या प्रत्येक कोपऱ्यात, दुसऱ्याने निवडलेल्या जागी लढायला लावेल.

केनन पुढे आयुष्यभर सांगत राहिले की आपल्याला मुख्यतः राजकीय बांध अभिप्रेत होता, लष्करी नव्हे. आठवणींच्या पुस्तकात त्यांनी लेखातल्या संदिग्धतेचा दोष स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्यांनी व्हिएतनाम युद्धातल्या गुंतवणुकीविरुद्ध साक्ष दिली, आणि ती दूरचित्रवाणीवरून देशाने पाहिली. १९९७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, नाटोचा पूर्वेकडे विस्तार करू नका म्हणून ते वर्तमानपत्रात लिहीत होते. २००५ साली १०१ व्या वर्षी ते गेले. लेख मात्र एकच, १९४७ चा, तसाच. व्हिएतनाम युद्धाच्या समर्थकांनी तो वापरला आणि विरोधकांनीही वापरला. लेखकाचा हेतू काय होता हे केनन यांच्या नंतरच्या लिखाणात शोधावं लागतं. जगाने वाचलं ते छापलेलं. त्या लेखात लष्करी आणि राजकीय हा फरक एका परिच्छेदात स्पष्ट झाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. एखाद्या परीक्षकाने समासात 'बांध म्हणजे नेमकं काय?' एवढंच विचारलं असतं तर?

या विषयाचा जन्म कधी झाला, असं विचारलं तर पाठ्यपुस्तकं १९१९ साल सांगतात. पहिलं महायुद्ध संपल्यावर वेल्समधल्या अबेरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन स्थापन झालं, युद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. शांततेच्या शोधातून जन्मलेला विषय! गोष्ट सुंदर आहे, खोटीही नाही. पण जर्नल्सच्या वाटेने मागे गेलं की दुसरा जन्मदाखला सापडतो. १९१० मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात जॉर्ज ब्लेक्सली आणि जी. स्टॅन्ली हॉल यांनी एक त्रैमासिक सुरू केलं. नाव होतं 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट'. 'मागास' मानल्या गेलेल्या वंशांची आणि राज्यांची प्रगती कशी होते, ती कशी करवावी, याची चर्चा हा त्याचा जाहीर उद्देश होता. वसाहतींचा कारभार कसा चालवावा, हा प्रश्न तिथे अभ्यासाचा विषय म्हणून मांडलेला दिसतो. १९१९ मध्ये त्याचं नाव बदलून 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स' झालं, आणि १९२२ मध्ये ते नव्याने निघालेल्या 'फॉरेन अफेअर्स'मध्ये विलीन झालं.

म्हणजे ज्या विषयाला आपण आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतो, त्याच्या एका थोर नियतकालिकाच्या वंशावळीत 'वंश' हाच शब्द बसलेला आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला संताप आला होता. नंतर ते अंक प्रत्यक्ष पाहिले, आणि संतापाशेजारी आणखी काही येऊन बसलं. कारण त्याच जर्नलमध्ये १९१७ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा, गोऱ्यांच्या संस्कृतीचीच झडती घेणारा लेख आहे. युरोपातलं महायुद्ध हा संस्कृतीला पडलेला अपवाद नसून वसाहतींच्या लुटीतूनच ते उगवलं आहे, असा त्यांचा रोख होता. आठ वर्षांनी, १९२५ मध्ये, त्यांनी 'फॉरेन अफेअर्स'मध्ये पुन्हा वर्णरेषेवर, म्हणजे गोरे आणि बाकीचे यांना वेगळं करणाऱ्या रेषेवर लिहिलं. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या या विषयाच्या अभ्यासक्रमांत डू बॉइस यांचं नाव नव्हतं. विषय त्यांना विसरला. अंक विसरले नव्हते. एकविसाव्या शतकात रॉबर्ट व्हिटालिस यांच्यासारखे अभ्यासक हा इतिहास नव्याने सांगू लागले, ते जुने खंड उघडूनच.

१९३८ च्या जानेवारीत याच 'फॉरेन अफेअर्स'मध्ये जवाहरलाल नेहरूंचा भारताच्या एकात्मतेवरचा लेख आहे. स्वातंत्र्य नऊ वर्षं दूर होतं. वसाहतीतला माणूस साम्राज्याच्या जगाला उद्देशून, कुणाच्या मध्यस्थीशिवाय, आपल्या नावाने लिहितो आहे. पंचवीस वर्षांनी, एप्रिल १९६३ मध्ये, चीनशी झालेल्या युद्धानंतर तेच नेहरू पंतप्रधान म्हणून त्याच पानांवर बदलत्या भारताविषयी लिहितात. हे दोन लेख लागोपाठ वाचले की मधल्या काळात एका माणसाच्या आवाजावर काय ओझं आलं ते कुठल्याही चरित्रापेक्षा लख्ख कळतं. दरम्यान, इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स १९४३ मध्ये स्थापन झाली होती आणि १९४५ पासून तिचं 'इंडिया क्वार्टर्ली' निघू लागलं होतं. १९५९ मध्ये 'इंटरनॅशनल स्टडीज' आलं. परराष्ट्र धोरण हा आपण स्वतः विचार करण्याचा विषय आहे, ही जाणीव सत्तांतराच्या आधीच त्रैमासिकाच्या रूपाने उभी राहिली, याचं मला अप्रूप आहे.

शीतयुद्धाकडे येते. चाळीसएक वर्षं या विषयाची सगळी बुद्धी त्या एका संघर्षाभोवती फिरली. सिद्धान्त मांडले गेले, प्रतिमानं बांधली गेली. आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा ती पडणार हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. इतिहासकार जॉन लुईस गॅडिस यांनी यावर दीर्घ लेख लिहिला. या विषयाचे प्रमुख सिद्धान्त एकेक करून समोर घेतले, आणि भविष्याचा अंदाज देण्याचा दावा करणाऱ्या या सिद्धान्तांना शीतयुद्धाचा शेवट का दिसला नाही, हे विचारलं. हा लेख कुठे आला? 'इंटरनॅशनल सिक्युरिटी'च्या १९९२-९३ च्या हिवाळी अंकात. त्या सिद्धान्तांच्या मोठमोठ्या लढाया ज्या पानांवर झाल्या, त्याच पानांवर.

हे एकदाच घडलं असतं तर मी त्यावर एवढं लिहिलं नसतं. 'इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन' १९४७ मध्ये सुरू झालं. पन्नाशीनिमित्त १९९८ मध्ये विशेष अंक निघाला. अशा अंकात गौरव असतो, आठवणी असतात. त्यात डेन्मार्कचे ओले वेव्हर यांनी लिहिलं, की हा विषय नावाचाच आंतरराष्ट्रीय आहे. त्यांनी आघाडीच्या जर्नल्समधले लेखक कुठल्या देशांतले आहेत ते मोजलं. अमेरिकी जर्नल्समध्ये अमेरिकीच लिहीत होते, आणि बाकीचं जग त्यांना वाचत होतं. २०१३ मध्ये त्याच जर्नलने आणखी एक अभ्यास छापला. १९८० ते २००६ या काळातल्या आघाडीच्या जर्नल्समधले पेपर तपासल्यावर दिसलं, की इतर सगळे घटक सारखे धरले तरी स्त्रियांच्या लेखांचे संदर्भ पुरुषांच्या लेखांपेक्षा कमी दिले जातात. स्त्रिया स्वतःच्या आधीच्या कामाचा हवाला कमी देतात, आणि संख्येने जास्त असलेले पुरुष पुरुषांचाच हवाला जास्त देतात. संदर्भसूची ही निरुपद्रवी गोष्ट नाही. नेमणुका, बढत्या तिच्यावर ठरतात. पुढच्या पिढीने काय वाचायचं, तेही ठरतं.

या बाबतीत एक धाकटं जर्नल थोरल्यांच्या पुढे होतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये 'मिलेनियम' काढलं आणि आजही ते विद्यार्थीच चालवतात. १९८८ मध्ये त्यांनी स्त्रिया आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाला अख्खा अंक दिला. त्यात जे. अ‍ॅन टिकनर यांनी हान्स मॉर्गेंथाऊ यांची राजकीय वास्तववादाची, म्हणजे सत्तेला राजकारणाचा गाभा मानणारी तत्त्वं घेऊन ती स्त्रीवादी नजरेतून नव्याने मांडली. सत्ता म्हणजे दुसऱ्यावर ताबा, एवढाच तिचा अर्थ का धरायचा? हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या अंकात छापला गेला, आणि मग थोरल्या जर्नल्सना तो टाळता येईना.

सगळंच आरोप आणि उत्तरं असं नसतं. १९५० मध्ये 'वर्ल्ड पॉलिटिक्स'मध्ये जॉन हर्झ यांनी एक पेच मांडला. मी स्वतःच्या बचावासाठी शस्त्रं जमवते, शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटते, तोही जमवतो, आणि कुणालाच युद्ध नको असताना दोघंही आधीपेक्षा असुरक्षित होतात. हर्झ नाझी राजवटीतून निसटलेले ज्यू होते. त्यांच्यासाठी हे कागदावरचं कोडं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच जर्नलमध्ये रॉबर्ट जर्विस यांनी तो धागा उचलला आणि पुढचं विचारलं: हा पेच कधी सौम्य होतो? बचावाची शस्त्रं चढाईच्या शस्त्रांपासून वेगळी ओळखता आली, आणि चढाईपेक्षा बचाव सोपा असला, तर. आज दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांविषयी कुणीही गंभीरपणे लिहायला बसलं की या दोन लेखांच्या मधूनच वाट काढावी लागते. योहान गाल्टुंग यांनी १९६४ मध्ये ओस्लोहून सुरू केलेल्या 'जर्नल ऑफ पीस रिसर्च'चंही तेच. गोळी न झाडता, केवळ व्यवस्थेच्या रचनेमुळे माणसं मरतात त्यालाही हिंसा म्हणावं, हा त्यांचा १९६९ चा विचार आता त्या जर्नलचं नावही न ऐकलेल्या लोकांच्या तोंडी आहे.

आणि तरी यातलं बरंचसं सामान्य वाचकाला वाचता येत नाही. लेखक फुकट लिहितो, परीक्षक बहुधा फुकट तपासतो, संशोधनाचा खर्च पुष्कळदा सार्वजनिक पैशातून होतो, आणि छापलेला लेख वाचायला विद्यापीठाचा लॉगिन लागतो किंवा एका लेखाला एका पुस्तकाएवढी रक्कम मोजावी लागते. आता काही लेख खुले असतात, पण अनेकदा त्यासाठी लेखकाच्या संस्थेने प्रकाशकाला पैसे भरलेले असतात. ज्या संस्थेकडे ते नाहीत, तिथल्या अभ्यासकासाठी दोन्ही दारं बंद. वेव्हर यांनी १९९८ मध्ये मोजलेली विषमता अशीच टिकून राहते.

२०११ मध्ये जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहाने अमेरिकेतली १९२३ पूर्वीची जर्नल्स सर्वांसाठी मोफत केली. त्यामुळे 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट'चा पानन्‌पान आज कुणीही, कुठूनही वाचू शकतं. 'मागास' वंशांना शहाणं कसं करावं हे सांगणारे लेख खुले आहेत, आणि त्यांचा हिशेब मागणारे गेल्या पन्नास वर्षांतले बहुतेक लेख कुलपात आहेत. या लेखांतून प्रकाशकांची मिळकत पहिल्या काही वर्षांतच होऊन जात असणार. दहा वर्षांहून जुने सगळे अंक त्यांनी खुले करावेत, आणि जर्नलांच्या मालक असलेल्या विद्यापीठांनी व संघटनांनी पुढच्या करारात ही अट लिहून घ्यावी.